लिलावातलं स्वस्त घर आणि तोडलेला मीटर

आर्थिक वर्ष संपत आलं की मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांची आतली पानं बँकांच्या जाहीर लिलावाच्या नोटिशींनी भरतात. लातूरला क्लासच्या भागात विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेली बारा खोल्यांची इमारत, वाळूजजवळ बजाजनगरात कामगारांच्या खोल्या, नांदेडला दोन बेडरूमचा फ्लॅट. राखीव किंमत, म्हणजे बोलीची किमान रक्कम, बाजारभावापेक्षा चार-पाच लाखांनी कमी दिसते. निवृत्तीचे पैसे हातात आलेला माणूस लगेच मनात मांडणी करतो: घर घेऊ, भाड्याने लावू, दरमहा घरबसल्या उत्पन्न.

अशा मालमत्तांपैकी बऱ्याच ठिकाणी वीज तोडलेली असते आणि नळ कोरडा असतो. खरेदीदाराला वाटतं, थकलेलं बिल भरलं की मीटर सुरू होईल, त्यात काय एवढं. प्रश्न बिलापुरता असता तर हा लेख लिहायची गरज नव्हती. वीज आणि पाणी नसलेलं घर तपासताच येत नाही, आणि लिलावात न तपासता आलेल्या प्रत्येक गोष्टीची जोखीम खरेदीदाराच्या गळ्यात पडते. खरी मेख इथे आहे.

बँक नेमकं काय विकते

बहुतेक लिलाव सरफेसी या 2002 च्या कायद्याखाली होतात. कर्जाचा हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीताकडे झुकलेलं कर्ज, ठरतं. मग बँक कर्जदाराला 60 दिवसांची मागणी नोटीस देते. तरी पैसे आले नाहीत तर बँक मालमत्तेचा ताबा घेऊन ती विकू शकते. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. पतसंस्थांचं तसं नाही. त्यांची वसुली सहकार कायद्याने चालते, त्यामुळे लिलाव कोण करतंय आणि कोणत्या कायद्याखाली, हे नोटिशीत आधी वाचा.

यशस्वी बोली लावणाऱ्याला बोलीआधी भरलेली अनामत रक्कम धरून 25 टक्के पैसे त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी भरावे लागतात. उरलेले 75 टक्के विक्री मंजूर झाल्यापासून 15 दिवसांत. लेखी संमतीने ही मुदत वाढते, पण जास्तीत जास्त तीन महिने. पैसे चुकले तर भरलेली रक्कम जप्त होते. म्हणजे पैसे देण्याचं वेळापत्रक दिवसांत मोजलेलं असतं, आणि घर भाड्याने लावण्याजोगं कधी होईल याला कसलंच वेळापत्रक नसतं.

नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात 'जसे आहे, जिथे आहे, जे आहे तसे' असं छापलेलं असतं. बँकेने त्या घरात एक दिवसही काढलेला नसतो. तिच्याकडे कर्जाची फाइल, मूल्यांकनाचा अहवाल आणि कुलपाची चावी असते, कधी तर चावीसुद्धा नसते. नियमानुसार बँकेला तिला *माहीत असलेले* बोजे, म्हणजे मालमत्तेवरची देणी, नोटिशीत सांगावे लागतात. लाईट बिल किती थकलंय हे बहुतेक वेळा तिने विचारलेलंच नसतं. मग त्या रकान्यात 'माहिती नाही' असं छापून येतं, आणि लोक ते 'काही नाही' असं वाचतात.

मीटरचा रिकामा बोर्ड

लातूरला एका परिचितांबरोबर अशीच एक इमारत बघायला गेलो होतो. जिन्याखाली लाकडी बोर्डावर मीटरच्या जागी स्क्रूची भोकं तेवढी उरली होती. खांबावरून आलेली सर्व्हिस वायर कापून गुंडाळून ठेवलेली. वरच्या मजल्यावर आणखी एक बोर्ड, तोही रिकामा. बँकेच्या अधिकाऱ्यांना विचारलं, तर ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "साहेब, मीटरचं आमच्याकडे काही येत नाही, तुम्ही महावितरणला विचारा." त्यांचं काही चुकलं नव्हतं. एक मीटर आहे असं धरून निघालेल्या माणसाला तिथे दोन मीटरची थकबाकी शोधायची होती.

भाड्याच्या इमारतीत हे नेहमीचंच आहे. घरमालक वेगवेगळ्या खोल्यांना वेगळे मीटर घेतो, एखाद्या गाळ्याला व्यापारी कनेक्शन असतं, आणि प्रत्येक ग्राहक क्रमांकाची थकबाकी स्वतंत्र चालते. ज्याला बँकेचा हप्ता भरता आला नाही, त्याचं लाईट बिलही त्याच सुमारास थकलेलं असतं. वीज कायद्यानुसार 15 दिवसांची नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो. तोडल्यावरही बरेच दिवस पैसे आले नाहीत की कनेक्शन कायमस्वरूपी खंडित होतं. लाईनमन आणि वायरमन त्याला 'पीडी (पर्मनंट डिस्कनेक्शन) झालं' म्हणतात. पीडी झालं की जुना मीटर परत जोडण्याचा विषय संपतो. नवीन जोडणीचा अर्ज, नवीन अनामत, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल, सगळं पहिल्यापासून. जागेवर तपासणी झाली की जुनी थकबाकी समोर येतेच.

ती थकबाकी नव्या मालकाने का भरायची, असा प्रश्न कुणालाही पडेल. केरळ वीज मंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2023 रोजी याचं सविस्तर उत्तर दिलं. नियमांत तशी तरतूद असेल, तर आधीच्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय त्या जागेला नवीन जोडणी देणार नाही, अशी अट वीज कंपनी घालू शकते. 'जसे आहे जिथे आहे' म्हणून घेतलेल्या मालमत्तेचा खरेदीदार मला माहीत नव्हतं म्हणून सुटत नाही. त्यामुळे आपल्या राज्याचा नियम काय म्हणतो हे महत्त्वाचं ठरतं. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नियमांत आधीच्या मालकाची थकबाकी जागेवर बोजा मानली आहे, पण वारस सोडून इतर नव्या मालकाकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकबाकीएवढीच रक्कम घेता येते. 2005 च्या पुरवठा संहितेत हे होतं, 2021 च्या नव्या संहितेतही आहे.

ही सहा महिन्यांची मर्यादा खरेदीदाराच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. उपविभागीय कार्यालयात संगणकावर जो पूर्ण आकडा दिसतो, तोच तुम्हाला सांगितला जाण्याची शक्यता आहे. अशा वेळी काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही. विक्री प्रमाणपत्राची प्रत जोडून, नियमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मान्य झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं. कधी कधी महावितरण स्वतःच मार्ग काढते. सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या अभय योजनेत कायमस्वरूपी खंडित ग्राहकांना मूळ थकबाकी भरल्यास व्याज आणि विलंब आकार माफ होता. अशी योजना सुरू आहे का, हे अर्ज करण्याआधी विचारून घ्या. पण येईल या भरवशावर बोली लावू नका.

आणखी एक गोष्ट बिलाच्या आकड्यात लपलेली असते. घरगुती मीटरवर पिठाची गिरणी किंवा मेस चालवली असेल, तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. आकडा टाकून वीज वापरली असेल तर कलम 135, म्हणजे चोरीचा गुन्हा. थकबाकी किती एवढंच विचारून थांबू नका. ती कशाची आहे हेही विचारा. जुन्या बिलावरचा किंवा शेजाऱ्यांकडून मिळालेला बारा अंकी ग्राहक क्रमांक हाती आला की निम्मं काम होतं. थकलेली रक्कम ऑनलाइन दिसते.

न तपासता आलेलं घर

नेहमीच्या खरेदीत आपण काय करतो? बटण दाबून दिवा लावतो, नळ सोडतो, फ्लश ओढतो, मोरीत बादलीभर पाणी ओततो. पाच मिनिटांत घराची बरीच तब्येत कळते. बंद घरात यातलं काहीच होत नाही. भिंतीवर ओल दिसत नाही, कारण पाइपात पाणीच नाही. म्हणजे भिंत कोरडी आहे याचा अर्थ पाइप चांगला आहे असा होत नाही.

आणि बंद घर आहे तसं राहतही नाही. उंदीर वायरीचं आवरण कुरतडतात. गच्चीवरचे प्लॅस्टिकचे पाइप मराठवाड्याच्या उन्हात वर्षानुवर्षं तापून ठिसूळ होतात आणि पाण्याचा दाब आला की सांध्यात फुटतात. नळाचे वॉशर वाळतात. मोरीच्या आणि संडासाच्या जाळीखाली जे थोडं पाणी साठून दुर्गंध अडवतं, ते उडून जातं. मग ड्रेनेजचा वास आणि झुरळं थेट घरात. चौकटींना वाळवी लागते. मोटार, नळ, तांब्याच्या वायरी चोरीला जातात. बोरिंगच्या पाण्यातला क्षार जुन्या लोखंडी पाइपात आधीच बसलेला असतो, पाणी बंद झाल्यावर गंजाची भर पडते.

मला सगळ्यात जास्त काळजी काळ्या मातीची वाटते. आपल्याकडची काळी कसदार माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, तिला भेगा पडतात. पाया पुरेसा खोल नसेल तर ही हालचाल भिंतीपर्यंत पोहोचते. बंद घराचा हौद किंवा चेंबर फुटलेला असेल आणि पावसाचं पाणी एकाच कोपऱ्यात मुरत असेल, तर त्या कोपऱ्याखालची माती फुगते, बाकीची कोरडी राहते. घर असमान उचललं जातं आणि भिंतीवर तिरक्या भेगा येतात. विकण्याआधी कुणी रंग मारलेला असेल तर भेग बुजलेली दिसते, एवढंच. दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून निघणारी तिरकी भेग आणि घासत बंद होणारं दार दिसलं, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. लातूर, धाराशिव भागात 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपाआधीचं बांधकाम असेल तर ही तपासणी आणखी गरजेची.

तरीही हात बांधलेले नाहीत. लिलावाच्या नोटिशीत मालमत्ता पाहण्याची तारीख दिलेली असते. त्या दिवशी एकट्याने जाऊन खोल्या मोजून येऊ नका. वायरमनला मेगरसह न्या. मेगर हे इन्सुलेशन तपासायचं यंत्र स्वतःच्या बॅटरीवर किंवा हाताने फिरवून चालतं, त्याला घरात वीज लागत नाही. सगळी बटणं आणि जोडलेली उपकरणं वेगळी करून 500 व्होल्टवर वायरिंगचा रोध मोजतात. तो 1 मेगाओमच्या खाली आला तर ती वायरिंग वीज जोडण्यालायक नाही. अर्थिंगची पट्टी जागेवर आहे का, हे डोळ्यांनीही दिसतं. प्लंबरकडे हाताने चालवायचा प्रेशर पंप असतो. पाइपचं तोंड बंद करून थोडं पाणी दाबाने भरलं आणि काटा खाली आला, तर कुठेतरी गळती आहे. सोबत दोन कॅन पाणी न्या, प्रत्येक मोरीत ओता, आणि एकाने बाहेरच्या चेंबरपाशी उभं राहून पाणी येतं का ते बघा. बँक एवढं करू देईलच असं नाही. पण आधी लेखी मागितलं तर अनेकदा परवानगी मिळते. आतच जाऊ दिलं नाही, तर पूर्ण वायरिंग आणि पूर्ण प्लंबिंग नवीन करावं लागेल असं धरूनच बोलीचा आकडा ठरवा.

पाणी

मराठवाड्यात नळाचं कनेक्शन असणं आणि पाणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीसारखं मोठं धरण जवळ असूनही नळाला कित्येक दिवसांआड पाणी येण्याची वर्षं लोकांनी काढली आहेत. त्यामुळे इथे पाणीपट्टीच्या थकबाकीइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा: हे कनेक्शन अधिकृत होतं का? गुंठेवारीच्या वसाहतींत आणि वाढीव खोल्यांत अनधिकृत नळ सर्रास असतो. तो एकदा तोडला की परत जोडून मिळत नाही. आधी बांधकाम नियमित करा, मग अर्ज करा.

बोअर आहे असं नोटिशीत लिहिलं असेल तर त्याचाही अर्थ तपासा. आपल्याकडे खाली बेसॉल्टचा खडक आहे. पाणी त्याच्या भेगांतून आणि झिजलेल्या थरातून येतं. शेजारच्या बोअरला पाणी आहे म्हणून तुमच्या बोअरला असेल असं नाही. वीज नसताना मोटार चालवून बघता येत नाही, आणि वर्षानुवर्षं पाण्यात पडून राहिलेली मोटार बहुधा जाम झालेली असते. दोरीला दगड बांधून सोडला तर पाण्याची पातळी तरी कळते. ती एप्रिल-मे मध्ये बघा. ऑक्टोबरातलं पाणी बघून हिशोब करू नका.

भाड्याच्या इमारतीत पाण्याचा आकडा मालकाच्या कल्पनेपेक्षा मोठा असतो. शहरासाठी सरकारी मानक माणशी रोज 135 लिटर आहे. बारा विद्यार्थी म्हणजे 1,620 लिटर. पाच हजार लिटरचा टँकर तीन दिवसांत संपतो, महिन्याला दहा टँकर लागतात. तुमच्या भागातला उन्हाळ्यातला टँकरचा भाव या दहाने गुणा आणि अपेक्षित भाड्यातून वजा करा. काही इमारतींचं गणित इथेच सुटत नाही.

घरपट्टी आणि आतली माणसं

घरपट्टीचं थोडक्यात सांगतो. महापालिका कायद्यानुसार ती मालमत्तेवरचा बोजा असते, मालक बदलला तरी पुसली जात नाही. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. वर्षाला 6,000 रुपये घरपट्टी पाच वर्षं थकली तर मूळ रक्कम 30,000. पहिल्या वर्षाच्या बिलावर पाच वर्षांची, दुसऱ्यावर चार वर्षांची अशी शास्ती मोजत गेलं तर वर 21,600. फ्लॅट असेल तर सोसायटीचा देखभाल खर्च वेगळा. सचिवांकडून थकबाकीचं पत्र लेखी घ्या.

ताबा 'प्रतीकात्मक' आहे की 'प्रत्यक्ष', हे नोटिशीत लिहिलेलं असतं. प्रतीकात्मक म्हणजे दारावर कागद चिकटवला आहे, माणसं आतच आहेत. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हाधिकाऱ्यांकडे सरफेसीच्या कलम 14 खाली अर्ज करावा लागतो. आदेश 30 दिवसांत, फार तर 60 दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. पण पुढे तहसीलदारांची तारीख आणि पोलीस बंदोबस्त यांत महिने जातात. कर्जदार 45 दिवसांच्या आत कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागू शकतो. मराठवाड्यातली प्रकरणं छत्रपती संभाजीनगरच्या न्यायाधिकरणासमोर चालतात. तिथे प्रकरण चालू आहे का, हे बोलीआधी वकिलाकडून बघून घ्या. ताबा हातात नसेल तर मीटर कुठे लावणार, आणि भाडेकरू कुठे ठेवणार?

आत जुना भाडेकरू असेल तर त्याला वैरी समजू नका. गहाणखत होण्याच्या आधीपासूनचा, नोंदणीकृत करार असलेला भाडेकरू सहज काढता येत नाही. तो निघावा म्हणून वीज-पाणी तोडणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 खाली बेकायदा आहे. मालक बदलल्याने त्याचा हक्क बदलत नाही. वर्षभर टँकरवर आणि शेजारच्या वायरीवर दिवस काढणारं कुटुंब आत असेल, तर सगळ्यात आधी त्यांच्या नळाचा आणि दिव्याचा प्रश्न सोडवावा लागेल, हे धरूनच तिथे पैसे घाला.

बोलीचा आकडा कसा काढायचा

समजा नांदेडच्या एका फ्लॅटचा बाजारभाव 30 लाख आहे आणि लिलावात तो 25 लाखांना मिळतोय. फायदा पाच लाखांचा दिसतो. आता अंदाज मांडू. सहा महिन्यांची वीज थकबाकी आणि नवीन जोडणी 12,000. पूर्ण वायरिंग एक लाख. प्लंबिंग आणि बाथरूमची गळती सव्वा लाख. घरपट्टी शास्तीसह 51,600. सोसायटीचे 60,000. ताबा आणि दुरुस्ती मिळून दहा महिने घर रिकामं, 9,000 रुपये भाड्याने ते 90,000. बेरीज 4,38,600. पाच लाखांतले सुमारे 61,000 उरले, आणि त्यात वकिलाची फी अजून धरलेली नाही. कर्जाचं व्याज आणि मुद्रांक शुल्क साध्या खरेदीतही लागलं असतं, म्हणून बाहेर ठेवलं. तुमच्या गावचे भाव टाकून हीच मांडणी करा. बोली 22 लाखांवर आली तर कदाचित व्यवहार चांगला असेल. 26 वर गेली तर तोट्याचा.

अनामत भरण्याआधी बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्यांना ईमेल पाठवा. त्यात विचारा: ताबा कोणत्या प्रकारचा, आत कोण राहतं, मीटर किती आणि त्यांचे ग्राहक क्रमांक काय, वीज-पाणी-घरपट्टी-सोसायटीची थकबाकी कोण भरणार, न्यायाधिकरणात प्रकरण आहे का, आणि वायरमन-प्लंबरसह पाहणी कोणत्या दिवशी करता येईल. उत्तर फोनवर आलं तर तेच परत ईमेलने लिहून पाठवा आणि दुजोरा मागा. शेवटच्या तारखेपर्यंत उत्तरच आलं नाही, तर मी स्वतः ती अनामत भरणार नाही.